बंद दाराआडच्या सुरक्षा चर्चा: दोन सरकारं बोलतात तेव्हा हाती काय लागतं?

प्रश्न असा आहे: "दोन देशांचे परराष्ट्र सचिव, मंत्री किंवा सुरक्षा सल्लागार भेटतात, दिवसभर बैठक चालते आणि संध्याकाळी दोन परिच्छेदांचं पत्रक निघतं. परस्परहिताच्या राजकीय आणि सुरक्षाविषयक मुद्द्यांवर मोकळेपणाने विचारविनिमय झाला, एवढंच त्यात असतं. सीमेचा वाद तिथेच, दहशतवाद तसाच, तक्रारी त्याच. मग या फेऱ्यांमधून नक्की काय मिळतं? आत काय चालतं? आणि फेरी वाया गेली की कामाची झाली, हे बाहेरच्या माणसाने ओळखायचं कसं?"

परराष्ट्र सेवेतली बरीच वर्षं मी अशा बैठकांमध्ये घालवली. सुरुवातीला मागच्या रांगेत बसून नोंदी घेणारा म्हणून, पुढे शिष्टमंडळाचा सदस्य म्हणून. माझं उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. देशादेशांतले मोठे वाद मिटतात ते दोन्हीकडच्या राजकीय नेतृत्वाने मनावर घेतलं तर, आणि तो निर्णय चर्चेच्या टेबलावर क्वचितच होतो. फेऱ्यांमधून हाती लागतात त्या दोन गोष्टी. एक, समोरचं सरकार कुठपर्यंत येऊ शकतं आणि कुठे काही झालं तरी येणार नाही, याची भरवशाची माहिती. दुसरी, प्रसंग ओढवला तर त्याच दिवशी वापरता येईल अशी आधी ठरवून ठेवलेली व्यवस्था. पहिली गोष्ट पत्रकात लिहिता येत नाही आणि दुसरी इतकी तांत्रिक असते की तिची बातमी होत नाही. म्हणून फेरी रिकामी गेल्यासारखी वाटते.

पहिल्या गोष्टीसाठी जसवंत सिंग आणि स्ट्रोब टालबॉट यांच्या चर्चेइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. ११ आणि १३ मे १९९८ ला पोखरणमध्ये अणुचाचण्या झाल्या, अमेरिकेने निर्बंध लादले आणि दोन्ही देशांचे संबंध तळाला गेले. जूनमध्ये ही चर्चा सुरू झाली तेव्हा जसवंत सिंग नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. परराष्ट्रमंत्री ते त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाले. टालबॉट अमेरिकी परराष्ट्र खात्याचे उपमंत्री होते. पुढच्या सुमारे दोन वर्षांत दोघं १४ वेळा भेटले, सात देशांमध्ये, दहा ठिकाणी. अमेरिकेची यादी उघड होती: सर्वंकष अणुचाचणीबंदी करारावर म्हणजे सीटीबीटीवर सही करा, बॉम्बसाठी लागणाऱ्या विखंडनीय द्रव्याचं उत्पादन थांबवणाऱ्या कराराला साथ द्या, अण्वस्त्रं आणि क्षेपणास्त्रांच्या बाबतीत संयम पाळा, संवेदनशील तंत्रज्ञानाच्या निर्यातीवरचं नियंत्रण कडक करा आणि पाकिस्तानशी बोला.

हिशेब मांडायला बसलं तर ही चर्चा फसली असंच म्हणावं लागेल. भारताने सीटीबीटीवर सही केली नाही, आजही केलेली नाही. ऑक्टोबर १९९९ मध्ये तर अमेरिकेच्या सिनेटनेच तो करार फेटाळला. भारतालाही अण्वस्त्रधारी देश म्हणून औपचारिक मान्यता मिळाली नाही. पण या चर्चेच्या काळातच कारगिलचं युद्ध झालं. घुसखोरांना मागे घ्या आणि नियंत्रण रेषेचा मान राखा, अशी भूमिका वॉशिंग्टनने घेतली, आणि ४ जुलै १९९९ ला वॉशिंग्टनच्या ब्लेअर हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी पाकिस्तानचे पंतप्रधान नवाझ शरीफ यांच्याकडून माघारीची कबुली घेतली. दिल्लीत तोवर अमेरिकेच्या प्रत्येक हालचालीकडे संशयाने बघायची सवय होती. त्या वेळी मात्र वॉशिंग्टन सांगतंय त्यावर विश्वास ठेवता येईल, असं वाटण्यामागे आधीच्या वर्षभरातल्या बैठका होत्या, असं माझं ठाम मत आहे. मार्च २००० मध्ये क्लिंटन भारतात आले. अमेरिकी राष्ट्राध्यक्षाची ती २२ वर्षांनंतरची पहिली भेट होती. २००५ ते २००८ दरम्यानच्या नागरी अणुकराराची मुळंही मी तिथेच शोधतो. भारत कार्यक्रम गुंडाळणार नाही हे अमेरिकेला तपशिलात कळलं होतं, आणि अमेरिकेतल्या कायद्यांनी तिथल्या सरकारचे हात कुठे बांधलेले आहेत हे भारताला. दोघांनी एकमेकांच्या अशक्य गोष्टी बाजूला ठेवल्या आणि उरलेल्या जागेत काम केलं.

आता आत काय चालतं, त्याकडे येतो. पण त्याआधी एक सांगायला हवं, की फेरीचं निम्म्याहून जास्त काम दारं बंद होण्यापूर्वी झालेलं असतं.

विषयपत्रिकेवरचा वाद अनेकांना पोरकट वाटतो. तसा तो नसतो. कोणता मुद्दा आधी, कोणता नंतर, कोणत्या पातळीवरचा अधिकारी तो बोलणार, यात त्या वादाबद्दलची दोन्ही देशांची सगळी भूमिका साठवलेली असते. भारत आणि पाकिस्तान यांच्यात 'आधी काश्मीर' की 'आधी दहशतवाद' यावर वर्षानुवर्षं गाडी अडली. १९९७ च्या जूनमध्ये इस्लामाबादला परराष्ट्र सचिवांनी त्यातून वाट काढली ती आठ विषय एकाच वेळी, पण वेगवेगळ्या पातळ्यांवर ठेवून. शांतता-सुरक्षा आणि जम्मू-काश्मीर हे दोन विषय परराष्ट्र सचिवांकडे. सियाचिन, सर क्रीकची खाडी, वुलर सरोवरावरचा तुलबुल प्रकल्प, दहशतवाद आणि अमली पदार्थ, व्यापार आणि लोकांमधले संपर्क हे बाकीचे सहा त्या त्या खात्यांकडे. एक विषय अडला म्हणून दुसरा अडू नये, ही त्यामागची कल्पना. ज्यांनी ही मांडणी केली त्यांच्याबद्दल मला आजही आदर वाटतो, कारण कोणालाही माघार घ्यावी लागली नाही आणि तरी काम सुरू होऊ शकलं.

हेच नीट झालं नाही की काय होतं ते २०१५ मध्ये दिसलं. १० जुलैला रशियातल्या उफा इथे दोन्ही पंतप्रधान भेटले. दोन्ही देशांच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांनी दहशतवादाशी संबंधित सगळ्या मुद्द्यांवर दिल्लीत भेटावं असं निवेदनात ठरलं. त्या निवेदनात काश्मीरचं नाव नव्हतं. पाकिस्तानात त्यावरून टीका उसळली, मग काश्मीरही बोलायचं, काश्मीरमधल्या फुटीरतावादी हुर्रियतच्या नेत्यांनाही भेटायचं, असा आग्रह सुरू झाला. भारताने नकार दिला आणि ऑगस्टमधली ती बैठक आदल्या दिवशी रद्द झाली. मग दोन्ही देशांचे सुरक्षा सल्लागार ६ डिसेंबर २०१५ ला बँकॉकमध्ये भेटले, सोबत दोन्ही परराष्ट्र सचिव होते. जगाला कळलं ते बैठक संपल्यावर. त्या भेटीच्या पत्रकात शांतता-सुरक्षा, दहशतवाद, जम्मू-काश्मीर आणि नियंत्रण रेषेवरची शांतता असे सगळे विषय नावानिशी होते. चार महिन्यांपूर्वी ज्यावरून बैठक मोडली होती, ते त्रयस्थ देशात, आधी गाजावाजा न करता, एका दिवसात पार पडलं. महिनाही उलटायच्या आत, २ जानेवारी २०१६ ला, पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला हेही खरं आहे. चर्चा ज्यांना नको असते त्यांनाही चर्चेच्या तारखा कळतात.

घरातली वाटाघाट हा भाग बाहेरून अजिबात दिसत नाही, आणि माझ्या अनुभवात तोच सगळ्यात कठीण. समोरच्या देशाशी काय बोलायचं यावर आधी परराष्ट्र, गृह आणि संरक्षण ही मंत्रालयं, सैन्यदलं, गुप्तचर संस्था, कधी अर्थ खातं, कधी राज्य सरकार, या सगळ्यांचं एकमत व्हावं लागतं. शिष्टमंडळाच्या प्रमुखाच्या फायलीत शेवटी जो कागद असतो, त्यात काय मागायचं, काय सोडता येईल आणि काय सोडायचं नाही हे लिहिलेलं असतं. तो कागद कच्चा असेल तर कितीही हुशार माणूस पाठवा, तो फक्त ठरलेली वाक्यं वाचून परत येतो.

सप्टेंबर २०११ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग ढाक्याला गेले तेव्हा तीस्ता नदीच्या पाणीवाटपाचा करार तयार होता. पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांचा विरोध होता, त्यांनी दौऱ्यातून अंग काढून घेतलं आणि करार राहून गेला. दोन परराष्ट्र खात्यांत मतभेद फारसा उरला नव्हता; अडलं ते घरात. भारत-बांगलादेश भू-सीमा करार तर १९७४ मध्ये झाला आणि अमलात आला २०१५ मध्ये. मधली ४१ वर्षं भारताच्या १११ आणि बांगलादेशाच्या ५१ वस्त्या एकमेकांच्या हद्दीत अडकून पडल्या होत्या. तिथल्या माणसांना ना या देशाची शाळा, ना त्या देशाचं पोलीस ठाणं. जमिनीच्या हस्तांतरणाचा प्रश्न असल्याने भारताला घटनादुरुस्ती करावी लागणार होती. शंभरावी घटनादुरुस्ती संसदेने मंजूर केली तेव्हा ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री त्या वस्त्यांची अदलाबदल झाली. दोन सरकारांना मान्य असलेली गोष्टही किती काळ लटकू शकते, याचं हे उदाहरण मी तरुण अधिकाऱ्यांना नेहमी देत आलो.

बैठकीचा दिवस बराचसा ठरावीक असतो. लांब टेबल, दोन बाजूंना दोन शिष्टमंडळं, मधे छोटे झेंडे. यजमान आधी बोलतो, पाहुणा नंतर. दोघांची सुरुवातीची निवेदनं लिहून आणलेली असतात आणि ऐकणाऱ्याला त्यातलं ऐंशी टक्के पाठ असतं. पण नवखा माणूस जिथे कंटाळतो तिथेच कसलेला माणूस कान देतो. मागच्या फेरीची नोंद समोर उघडी असते आणि ओळीशी ओळ ताडून पाहिली जाते. काय नवीन आलं यापेक्षा काय गळलं हे महत्त्वाचं. दहा वर्षं प्रत्येक फेरीत पहिल्या मिनिटाला येणारी तक्रार यंदा आलीच नाही, किंवा पहिल्यावरून सातव्या क्रमांकावर गेली, तर तिकडच्या राजधानीत काहीतरी हललं आहे. ते विचारायचं नसतं. फक्त टिपून ठेवायचं आणि दुपारी त्या विषयाला हलकेच हात लावून बघायचा.

खरं बोलणं होतं ते मोजक्या लोकांच्या सत्रात. दोन प्रमुख, प्रत्येकी एक-दोन सहकारी, नोंदी घेणारा, लागल्यास दुभाषी. तिथे वाक्यं "समजा" ने सुरू होतात. समजा आम्ही अमुक केलं, तर तुमच्याकडे ते कसं घेतलं जाईल? अशा वाक्याने कोणी बांधला जात नाही, आणि उत्तरातून मर्यादा कळते. कधी एखादा कागद सरकवला जातो, त्याला सगळीकडे 'नॉन-पेपर' म्हणतात. त्यावर सरकारचं नाव नसतं, सही नसते, तारीखही कधी नसते. पटला तर पुढे तो प्रस्ताव होतो, नाही पटला तर तो कधी नव्हताच. दुभाष्याचा उपयोग निव्वळ भाषांतरापुरता नसतो. दोघांना एकमेकांची भाषा येत असली तरी अनेक प्रमुख दुभाषी ठेवतात, कारण प्रत्येक उत्तराआधी विचार करायला मिनिटभर मिळतं.

दहशतवादासारख्या विषयावर एक अडचण कायमची असते. पुरावा द्यावा तर तो कुठून मिळाला हे उघड होतं. टेलिफोन ऐकून मिळाला असेल तर तो नंबर उद्या बंद होतो, माणसाकडून मिळाला असेल तर त्या माणसाच्या जिवावर बेततं. म्हणून प्रत्येक देश माहीत आहे त्यापेक्षा कमी देतो, आणि समोरचा म्हणतो की एवढ्यावर खटला उभा राहत नाही. या कोंडीतून मुत्सद्दी स्वतः वाट काढू शकत नाहीत. ते करू शकतात ते इतकंच, की एका यंत्रणेने दुसऱ्या यंत्रणेशी थेट बोलायला राजकीय परवानगी मिळवून द्यायची. दहशतवादविरोधी संयुक्त कार्यगट असं एखादं नाव पत्रकात दिसलं, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा हाच: यापुढचं बोलणं दुसऱ्या खोलीत होईल.

दुसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे ठरवून ठेवलेल्या व्यवस्थांकडे, मला सगळ्यात जास्त लक्ष वेधायचं आहे, कारण माणसं वाचतात ती त्यांच्यामुळे.

ऑक्टोबर १९६२ च्या क्युबा संकटात वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यातला एकेक संदेश पोचायला, उलगडायला आणि भाषांतरित व्हायला तासन्‌तास लागले. जग अणुयुद्धाच्या तोंडाशी उभं असताना दोन नेत्यांना एकमेकांशी वेळेत बोलता येत नव्हतं. पुढच्या जूनमध्ये, १९६३ साली, जिनिव्हात दोघांनी थेट दळणवळणाच्या जोडणीचा करार केला. लोकांना हॉटलाइन म्हटलं की लाल टेलिफोन आठवतो, पण ती टेलिप्रिंटरची जोडणी होती. घाईच्या क्षणी बोललेल्या शब्दाचा विपर्यास होऊ शकतो, लिहिलेला मजकूर पुन्हा वाचता येतो, हा विचार त्यामागे होता. मे १९७२ मध्ये याच दोन देशांनी समुद्रावरच्या घटनांबाबत करार केला. एकमेकांच्या जहाजांवर तोफा, क्षेपणास्त्रांचे लाँचर रोखून हल्ल्याचा आव आणायचा नाही, जहाजांच्या हालचाली करताना ठरलेले संकेत द्यायचे आणि दरवर्षी दोन्ही नौदलांनी बसून वर्षभरातल्या घटनांचा आढावा घ्यायचा. किती जहाजं, किती शस्त्रं यावर त्यात अवाक्षर नव्हतं. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्यावर बाकी सगळं बिघडलं, पण हा करार टिकला, कारण तो खलाशांनी खलाशांसाठी लिहिला होता आणि कोणालाही त्यात विजय किंवा पराभव दिसत नव्हता.

आपल्याकडचं याच जातीचं उदाहरण म्हणजे ३१ डिसेंबर १९८८ चा भारत-पाकिस्तान करार. एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला करायचा नाही आणि दरवर्षी १ जानेवारीला त्या प्रकल्पांच्या याद्या एकमेकांना द्यायच्या. पहिली देवघेव १ जानेवारी १९९२ ला झाली. संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर दोन्ही सैन्यं समोरासमोर उभी असताना १ जानेवारी २००२ ला याद्या दिल्या गेल्या. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर पाच आठवड्यांनी, १ जानेवारी २००९ लाही दिल्या गेल्या. याद्या पूर्ण असतात का यावर शंका घेणारे आहेत, आणि शंका घेणं रास्तही आहे. पण तेवढ्या दिवशी दोन्ही सरकारांमधला एक अधिकारी दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावतो आणि करार अजून जिवंत असल्याचं दोघंही कबूल करतात.

अशा व्यवस्थांमध्ये फटी राहतात, आणि चर्चेच्या पुढच्या फेरीचं काम त्या फटी शोधणं हे असायला हवं. २००५ मध्ये दोन्ही देशांनी क्षेपणास्त्र चाचणीची आगाऊ सूचना द्यायचा करार केला. तो बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता आहे, क्रूझ क्षेपणास्त्रं त्यात नाहीत. ९ मार्च २०२२ ला भारताचं एक ब्रह्मोस क्रूझ क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. जीवितहानी झाली नाही. चुकून घडल्याचं भारताने जाहीर केलं ते दोन दिवसांनी. तो करार क्रूझपर्यंत वाढवला असता तरी त्यात फक्त चाचण्यांची सूचना असती. अपघाताने सुटलेल्या क्षेपणास्त्राबद्दल पहिल्या काही मिनिटांत कोणी कोणाला काय सांगायचं, हे वेगळं ठरवावं लागेल. दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांमध्ये हे ठरलेलं नसणं मला फार गंभीर वाटतं. त्या दिवशी कोणी घाई केली नाही म्हणून आपण वाचलो, आणि पुढच्या वेळेसाठी हा भरवसा पुरेसा नाही.

चीनबरोबरचा अनुभव याहून गुंतागुंतीचा आहे. १९९३ मध्ये प्रत्यक्ष नियंत्रण रेषेवर शांतता राखण्याचा करार झाला, १९९६ मध्ये विश्वास वाढवण्याच्या उपायांचा. दुसऱ्या करारात रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही असं कलम आहे. त्याच करारात रेषेबद्दलची आपापली समजूत नकाशांवर दाखवून ते नकाशे एकमेकांना द्यायचंही ठरलं होतं. मधल्या टप्प्याचे नकाशे २००० मध्ये दिले-घेतले गेले. पश्चिमेकडच्या, म्हणजे लडाखच्या टप्प्यावर २००२ मध्ये प्रयत्न झाला आणि तिथेच थांबला. सैनिकांनी कसं वागायचं याचे नियम होते. ज्या रेषेपाशी तसं वागायचं ती रेषा कुठे आहे, यावर मात्र दोघांचं एकमत नव्हतं. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये २० भारतीय जवान शहीद झाले. चीनने नंतर आपले चार सैनिक मेल्याचं मान्य केलं. त्या रात्री गोळी चालली नाही. दगड, काठ्या, खिळे ठोकलेले दंडुके चालले. १९९६ चं कलम अक्षरशः पाळलं गेलं आणि तरी माणसं मेली. ज्या प्रश्नाला बगल देऊन करार केला जातो, तो प्रश्न करारातूनच वर येतो, हे ज्यांनी त्या वाटाघाटी पाहिल्या त्यांना मान्य करावंच लागेल.

तिथून पुढची साडेचार वर्षं मी फार बारकाईने पाहिली. चर्चा एकाच वेळी चार मजल्यांवर चालली होती. खाली दोन्ही सैन्यांचे कोअर कमांडर, लडाख सीमेवरच्या चुशुल-मोल्डो इथे, ६ जून २०२० पासून फेब्रुवारी २०२४ पर्यंत एकवीस फेऱ्या. त्याच्या वर २०१२ पासूनची सीमाविषयक सल्लामसलत आणि समन्वयाची यंत्रणा, जी संयुक्त सचिवांच्या पातळीवर चालते. त्याच्या वर परराष्ट्रमंत्री, ज्यांनी १० सप्टेंबर २०२० ला मॉस्कोत पाच मुद्द्यांवर सहमती केली. आणि सीमाप्रश्नासाठी २००३ पासून नेमलेले विशेष प्रतिनिधी. सोपं आधी, कठीण नंतर, असा क्रम ठेवला गेला: गलवान, मग फेब्रुवारी २०२१ मध्ये पँगाँगचे दोन्ही काठ, ऑगस्टमध्ये गोग्रा, सप्टेंबर २०२२ मध्ये हॉट स्प्रिंग्जचा भाग. देपसांग आणि देमचोक शेवटपर्यंत अडले. २१ ऑक्टोबर २०२४ ला तिथल्या गस्तीबद्दल समझोता झाल्याचं जाहीर झालं, दोन दिवसांनी कझानमध्ये मोदी आणि शी जिनपिंग भेटले, आणि १८ डिसेंबरला बीजिंगमध्ये विशेष प्रतिनिधींची फेरी झाली, पाच वर्षांनंतर. या काळातल्या जवळजवळ प्रत्येक फेरीनंतर वर्तमानपत्रांनी "निष्पन्न काही नाही" असं लिहिलं. कमांडरांच्या पातळीवर रोज कोण कुठे उभं आहे याचा तपशील गोळा होत गेला नसता, तर राजकीय निर्णय झाल्यावर तो जमिनीवर उतरवायला पुन्हा वर्षं गेली असती. अर्थात, माघार घेतलेल्या काही ठिकाणी जे बफर पट्टे, म्हणजे दोन्ही सैन्यांनी रिकामे ठेवायचे पट्टे झाले, तिथे आधी आपली गस्त जात होती, ही किंमतही खरी आहे आणि ती मोजायलाच हवी. आणि सैन्य कमी करण्याचा प्रश्न या समझोत्याने सुटलेला नाही.

बाहेरून ओळखायचं कसं, हा तुमचा तिसरा प्रश्न. विशेषणांकडे लक्ष देऊ नका. सौहार्दपूर्ण, विधायक, मोकळी, ही विशेषणं दोन्ही बाजूंना फुकट मिळतात. पुढच्या बैठकीची तारीख किंवा निदान महिना आहे का ते बघा. काम कोणाला नेमून दिलं आहे, मुदत आहे का ते बघा. दोन्ही राजधान्यांनी काढलेली पत्रकं शेजारी ठेवा. एकाने लिहिलेला मुद्दा दुसऱ्याने गाळला असेल तर तो वाद जिवंत आहे. संयुक्त निवेदन नसणं म्हणजे अपयश असं धरू नका. फेब्रुवारी १९७२ मध्ये शांघायला अमेरिका आणि चीन यांनी जे पत्रक काढलं, त्यात दोघांनी आपापली मतं वेगवेगळ्या परिच्छेदांत, मतभेद न लपवता लिहिली. वीस वर्षांच्या वैरानंतर ते सगळ्यात प्रामाणिक काम होतं. उलट, घाईने जुळवलेला मजकूर घरी आल्यावर उलटतो. जुलै २००९ मध्ये इजिप्तमधल्या शर्म-अल-शेखच्या भारत-पाकिस्तान निवेदनात पाकिस्तानातल्या बलुचिस्तान प्रांताचा उल्लेख आला आणि त्यावरून भारतात एवढा गदारोळ झाला की निवेदनातलं बाकी सगळं वाहून गेलं.

शिखर बैठकांबाबत तर मी जास्तच सावध असतो. जुलै २००१ ची आग्रा बैठक निवेदनाविना संपली, कारण खालच्या पातळीवर मसुदा पक्का न करता दोन नेते समोरासमोर बसले. ऑक्टोबर १९८६ मध्ये रेक्याविकला रेगन आणि गोर्बाचेव्हही हात हलवत परतले. पण तिथे तज्ज्ञांनी रात्रभर बसून आकडे जुळवत आणले होते, आणि चौदा महिन्यांनी, डिसेंबर १९८७ मध्ये, मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं नष्ट करण्याचा करार झाला. दोन्ही दिवशी छायाचित्रांतले चेहरे सारखेच पडलेले होते. फरक होता तो फायलींत.

शेवटी, विचारलेलं नाही पण प्रश्नाच्या पोटात आहे ते: मोठा हल्ला झाल्यावर बोलणी बंद करावीत का? राजकीय संवाद थांबवणं हा सरकारचा हक्क आहे आणि कधी तो योग्य संदेशही असतो. जिथे माणसं मारली गेली तिथे दुसऱ्या आठवड्यात व्यापारावर गप्पा मारा, असं मी कोणत्याही लोकशाही सरकारला सांगणार नाही. पण सैन्यदलांमधली थेट लाइन ही वेगळी गोष्ट आहे, ती कधीही बंद होता कामा नये. १० मे २०२५ ला दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओंनी, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांनी, भारताच्या डीजीएमओंना फोन केला आणि संध्याकाळी ५ पासून गोळीबार आणि लष्करी कारवाई थांबवायचं ठरलं. लाइन होती म्हणून तो फोन लागला. त्याआधी, २३ एप्रिलला, पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने दोन्ही उच्चायुक्तालयांतली लष्करी सल्लागारांची पदं रद्द केली आणि कर्मचाऱ्यांची संख्या ५५ वरून ३० वर आणली. त्यावेळच्या संतापात तो निर्णय मला समजू शकतो. मात्र डीजीएमओंची लाइन गोळीबार थांबवते, समोरच्या राजधानीत आता कोणाचं ऐकलं जातं हे ती सांगत नाही. ते सांगतात तिथे राहून माणसं भेटणारे, वर्तमानपत्रं वाचणारे, लग्नकार्यांना जाणारे अधिकारी. पुढची फेरी जेव्हा होईल तेव्हा शिष्टमंडळाच्या फायलीतला पहिला कागद त्यांनीच लिहिलेला असेल, आणि तीस माणसांच्या कचेरीत त्या कामासाठी किती जण उरतात, यावर त्या कागदाचा दर्जा ठरेल.